सांगणं बंधनकारक नाही

आमच्या घरमालकांकडे कुणी मान खाली घालून आलं, की ते आधी दार लावून घेत. चांगली बातमी घेऊन येणाऱ्याला ते पडवीतूनच वाटेला लावत. पेढे घ्यायचे, "छान छान" म्हणायचं, संपलं. पण कुणी "साहेब, एक चूक झाली बघा" अशी सुरुवात केली, की ह्यांच्या अंगात यायचं. चष्मा पुसायचा, घसा साफ करायचा आणि समोरच्याला हातानं थांबवून म्हणायचं, "थांबा. मी पोलीस नाही. सांगणं आपल्यावर बंधनकारक नाही. सांगितलंत, तर ते आपल्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. आधी आत जाऊन बसा, विचार करा, आणि मग वाटलं तर बोला." गल्लीतली पोरं त्यांना पाठीमागं 'बंधनकारक' म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी तिसगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून भिंगारला आले आणि ह्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिले. साहेब निवृत्त मॅजिस्ट्रेट. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घर लहानच, पुढं पत्र्याची पडवी, मधे एक खोली, मागं माझी. त्या मधल्या खोलीत सामान असं काही नव्हतंच. भिंतीला लावून एक लांबलचक, काळपट लाकडी बाक, खिडकीबाहेर कडुनिंब आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. कधीतरी कोर्टातलं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी टेबलं घेतली, कपाटं घेतली. आमच्या साहेबांनी काय घेतलं, तर आरोपीला बसवायचा बाक. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी मोठ्या अभिमानानं सांगितलं आणि मी मनात म्हटलं, बाई, कुठं येऊन पडलीस तू.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून त्यांच्या कंदिलाची काच फुटली. मी लगेच सांगायला गेले, तर झालं सुरू. थांबा, मी पोलीस नाही. मी म्हटलं, अहो साहेब, काच फुटलीय, खून नाही पडला. ते शांतपणे म्हणाले, तेसुद्धा आत्ताच ठरवायला नको. मग मला त्या बाकावर बसवलं. शाळेची वेळ होत आलेली, पोळ्या व्हायच्या होत्या, आणि मी आपली कडुनिंबाकडे बघत कंदिलाच्या काचेबद्दल विचार करतेय. शेवटी बाहेर येऊन सांगितलं, काच मीच फोडली. त्यांनी विचारलं, कुणी धाक दाखवला का? नाही. कबूल केलंत तर अमुक देऊ, असं कुणी आमिष दाखवलं का? नाही. मग त्यांनी माझंच वाक्य मला परत म्हणून दाखवलं, "काच मी फोडली. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "ठीक आहे," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पुन्हा त्या काचेचा विषय त्यांनी जन्मात काढला नाही.

सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. मला, भंगारवाल्याला, शेंबड्या पोरांना. पडवीत कुत्रं येऊन झोपलं, तर "आपण जरा सरकता का" असं म्हणून वाट काढायचे. मी कधी कुणावर ओरडले की त्यांचा चेहरा पडायचा. माझा आवाज जात्याच मोठा, त्यात मास्तरीण. मला ते फार वेळा ऐकवायचे की बाई, मोठ्या आवाजात मिळालेलं उत्तर कोर्टात टिकत नाही. मी म्हणायची, माझा वर्ग काय कोर्ट आहे?

लोक त्यांचा फायदाही घ्यायचे, नाही असं नाही. आमचा दूधवाला एकदा माझ्या तावडीत सापडला. दुधात इतकं पाणी, की चहाला रंगच चढेना. मी त्याला फैलावर घेतलं आणि साहेबांपुढं उभा केला. तो बिचारा कबूल करायलाच निघाला होता. पण साहेबांनी त्याला आत बसवलं. तो माठातलं गार पाणी प्याला, त्यानं आरामात विचार केला आणि बाहेर येऊन सांगितलं, "न्हाई साहेब, मी काय पानी घालीत न्हाई." साहेबांनी मान डोलावली. पुढं वर्षभर आम्ही तेच दूध प्यालो. मी चिडले, तर म्हणाले, बाई, दूध पातळ आहे हे मलाही दिसतं, पण त्यांनी विचार करून उत्तर दिलंय.

आणि ती लोणच्याची बरणी. समोरच्या घरातल्या सुनेच्या हातून चिनी मातीची बरणी फुटली, कैरीच्या लोणच्यासकट. सासूनं तिला दंडाला धरून आणलं, का, तर साहेबांसमोर कबूल कर. साहेबांनी सासूबाईंना फाटकाबाहेर उभं केलं. दंड धरून आणलेल्या माणसाची कबुली धरता येत नाही म्हणे. सून आत जाऊन बसली. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना, म्हणून मी डोकावले, तर ती बाकाला पाठ टेकून, पाय लांब करून, डोळे मिटून बसलेली. लग्न झाल्यापासून असं एकटीनं बसायला तिला मिळालंच नव्हतं. तिनं काय ते गल्लीत सांगितलं असावं, कारण त्यानंतर बायकांच्या चुका फार वाढल्या. दुपारी भांडी झाली की कुणीतरी पदराला हात पुसत यायची, "साहेब, जरा एक चूक झालीय." साहेब गंभीरपणे दार लावून घ्यायचे. बाई आत निवांत बसायची, कडुनिंबाचा वारा घ्यायची आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणायची, विचार केला, सांगण्यासारखं काही नाही. साहेबांना कळत होतं की नव्हतं, देव जाणे. मला वाटतं, कळत होतं, कारण माठ ते दुपारच्या आत स्वतः भरून ठेवायचे.

शेजारी मेरीमावशी राहायच्या. मूळच्या संगमनेरकडच्या, मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. शनिवारी त्या चर्चमध्ये फादरकडे पापकबुलीला जात. साहेबांना त्याचं विलक्षण कुतूहल. मावशी परतल्या की हे फाटकाशी उभेच. फादर आधी समज देतात का? विचाराला वेळ देतात का? तिथं दुसरं कुणी असतं का? मावशी पहिल्यांदा लाजायच्या, मग वैतागायच्या, आणि एकदा त्यांनी सांगून टाकलं, की साहेब, आम्ही वेळ घेऊनच जातो, सबंध आठवडा असतो आम्हाला. आणि मी तिथं काय बोलले हे तुम्ही विचारूही नका, कारण फादरची मान कापली तरी ते कुणाला सांगणार नाहीत.

सोमवारी मी शाळेला निघाले, तर मला थांबवून म्हणाले, "बाई, आमच्याकडे अर्ज केला की कबुलीजबाबाची नक्कल मिळते. त्यांच्याकडे नक्कलच नसते. फार मोठी सोय आहे ती." एवढं बोलून ते झाडांना पाणी घालायला गेले.

आपल्या देवांवर मात्र त्यांचा आक्षेप होता. गल्लीत सत्यनारायण असला की जायचे, पण पूजेच्या शेवटी सगळे हात जोडून झाल्या-गेल्याची क्षमा मागायला लागले, की हे हात मागं बांधून उभे. मी एकदा विचारलं. तर म्हणाले, समोर शिऱ्याचं पातेलं ठेवून घेतलेली कबुली आहे ही, ह्याला आमिष म्हणतात. प्रसाद मात्र दोनदा घ्यायचे.

हे असं का, ह्याबद्दल गल्लीत नाना कथा. कुणी म्हणायचं, ह्यांनी घाईत घेतलेल्या कबुलीवर एक निरपराध माणूस फासावर गेला, तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय. कुणी म्हणायचं, बायकोनं काहीतरी कबूल केलं होतं. मला काही राहवेना, मी सरळ विचारलं. ते हसले. म्हणाले, असलं काही नाही हो. "सबंध नोकरी लोकांना तुम्हाला हे करावंच लागेल, असं सांगण्यात गेली. दंड भरावाच लागेल, हजर राहावंच लागेल. हे एकच वाक्य असं होतं, की ज्यात समोरच्याला मोकळं सोडायचं असतं. मला ते म्हणायला आवडायचं." मी निदान एखादी करुण कहाणी तरी ऐकायला मिळेल म्हणून चहा टाकला होता. तो तसाच निवला.

आता माझं. आमच्याच शाळेत एक गणिताचे सर होते. भिंगारचेच. त्यांच्या घरानं छप्पन्नच्या पाठोपाठ बौद्ध धर्म घेतलेला. अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि फळ्यावर आकृती अशी काढायचे, की पुसायला जीव होऊ नये. आमचं काय आणि कसं जमलं, हे सांगत बसत नाही. जमलं. एकमेकांना शब्द असा कुणीच दिलेला नव्हता. पण मधल्या सुट्टीत ते दिसले नाहीत, तर मला डबा जायचा नाही. आमच्या घरी हे कळलं तर काय होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

घर म्हणजे आई आणि दादा. वडील मी लहान असतानाच गेले. दादा माझ्याहून पुष्कळ मोठा. त्यानं शाळा सोडून नांगर धरला आणि मला शिकवलं. गावात लोक म्हणायचे, पोरीला कशाला एवढं शिकवतोस, तर तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मला सायकलवर बसवून शाळेत सोडायचा. भिंगारला महिन्यातून एकदा यायचा. हातात खाकी कापडाची पिशवी. आईनं केलेल्या बाजरीच्या भाकरी, ठेचा, ओल्या शेंगांचे दिवस असतील तर शेंगा. पिशवी माझ्या हातात दिल्याशिवाय तो खाली बसायचा नाही. त्याच्या मायेबद्दल मला कधी शंका आली नाही. म्हणूनच भीती जास्त होती.

तिसगावच्या बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं. उन्हाळ्यातला रविवार, टळटळीत दुपार, मी पडवीत वह्या तपासत होते. फाटक वाजलं, बघते तर दादा. टोपी घामानं भिजलेली, पिशवी काखेत घट्ट धरलेली. मी हात पुढं केला, त्यानं पिशवी दिली नाही. बसलाही नाही. उभ्याउभ्या त्यानं विचारलं, लोक म्हणतात ते खरं हाय का खोटं. तेवढंच. आवाजही चढवला नाही त्यानं.

मी काय बोलणार? हो म्हटलं असतं, तर त्यानं मला त्याच एस.टी.नं तिसगावला नेलं असतं आणि मिळेल त्या स्थळाशी माझं लग्न लावलं असतं. शाळा संपली, सर संपले. आणि सरांचं भिंगारमध्ये काय झालं असतं, ते मला मनातही आणवत नव्हतं. नाही म्हटलं असतं, तर त्यानं आईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली असती, आणि ती खोटी शपथ माझ्याच्यानं घेववली नसती. गप्प बसण्याची मुभा नव्हती, कारण आमच्याकडे गप्प बसणं म्हणजेच हो. मी फक्त "दादा" म्हटलं.

तेवढ्यात मागून घसा साफ केल्याचा आवाज. साहेब दारात उभे, चष्मा पुसताहेत. मला त्या क्षणी हसू की रडू कळेना. त्यांनी विचारलं, हे कोण. मी सांगितलं, माझा दादा.

"मग ह्यांनी बाहेर थांबावं," साहेब म्हणाले.

"मी भाऊ हाय तिचा," दादा म्हणाला.

"म्हणूनच."

दादा शेतकरी माणूस. साहेब म्हटलं की त्याचा हात आपोआप टोपीकडे जायचा. साहेबांनी स्वतः खुर्ची उचलून फाटकाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत ठेवली, तांब्याभर पाणी नेऊन दिलं आणि "आपण बसा" म्हणाले. दादा बसला. पिशवी मांडीवर. मग साहेबांनी दार लावलं, मला मधल्या खोलीत नेलं आणि खिडकीही ओढून घेतली. हे कधी करत नसत. म्हणाले, आवाज आला नाही तरी माणूस दिसतो, तेही चालत नाही.

मग त्यांनी मला ते सगळं म्हणून दाखवलं. मी शेकडो वेळा ऐकलेलं, नकला करून मैत्रिणींना हसवलेलं. मी पोलीस नाही. सांगणं आपल्यावर बंधनकारक नाही. त्या दुपारी मी ते पहिल्यांदा ऐकलं. जन्माला आल्यापासून मला कुणी असं म्हटलंच नव्हतं हो. आईनं नाही, मास्तरांनी नाही, देवळात नाही. सगळ्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं, आणि तेही लगेच. मी बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. साहेब बाहेर निघून गेले.

किती वेळ बसले, मला माहीत नाही. आधी नुसती भीतीच होती. मग ती ओसरली, तेव्हा आत काय आहे ते मला नीट दिसायला लागलं. आत 'हो' होतं. कुणी धाक दाखवलेला नव्हता, आमिष नव्हतं. खरं सांगते, तोपर्यंत मी स्वतःलासुद्धा कबूल केलं नव्हतं. सरांबद्दल विचार आला की मी तो झटकून टाकायची. त्या बाकावर पहिल्यांदा मी तो झटकला नाही.

साहेब आले. विचारलं, काही सांगायचंय? मी म्हटलं, सांगायचंय, पण आज नाही. ते म्हणाले ठीक आहे, आणि दार उघडून फाटकाशी गेले. मी पडवीच्या खांबाआड उभी. साहेब अगदी कोर्टात बोलावं तसं बोलले, "बाईंनी आज काही सांगायला नकार दिलेला आहे."

दादा उठला. मंग चल म्हनावं, म्हणाला, आमी जातो गावाला.

"तसं करता येणार नाही," साहेब म्हणाले. "आमच्या कोर्टाचा दंडक आहे. ज्यानं कबुली द्यायला नकार दिला, त्याला ज्याच्या ताब्यातून आणलं त्याच्या ताब्यात परत देता येत नाही."

"आवो पर ती माझी भन हाय."

"असेल. दंडक बदलायचा अधिकार मला नाही."

कसलं कोर्ट आणि कसला दंडक! निवृत्त माणूस, अंगात बंडी, पायात स्लीपर. तो नियम पोलिसांसाठी होता, भावांसाठी नव्हे. एक धक्का दिला असता तर दादा सरळ आत आला असता. साहेबांनी एका हातानं फाटकाची कडी आतून धरून ठेवली होती, हे मला खांबाआडून दिसत होतं. दादाला दिसलं की नाही, कोण जाणे. त्याची पिशवीवरची बोटं आवळायची आणि सैल व्हायची. मग त्यानं विचारलं, "मंग हिनं सांगायचं तरी कवा?"

"त्यांना वाटेल तेव्हा," साहेब म्हणाले.

दादा वळला आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागला. पिशवी तशीच काखेत. भिंगारला येऊन पिशवी न देता तो कधी गेला नव्हता.

त्या पिशवीत काय होतं? त्या रात्रीपासून मी हा प्रश्न उराशी घेऊन आहे. आईच्या भाकरी असतील, रागाच्या भरात द्यायच्या राहिल्या असतील. पण भाकरीची पिशवी माणूस अशी काखेत आवळून धरत नाही. आमच्याकडे ऊस तोडायचा कोयता दाराच्या मागं अडकवलेला असायचा. त्याची मूठ साधारण तेवढीच. नको नको ते डोक्यात येतं.

त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ पडला. तिसगावकडच्या विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. घराकडून निरोप नाही, माझ्या पत्राला उत्तर नाही. आणि एका सकाळी मी शाळेतून लवकर परतले, तर पडवीत दादाच्या वहाणा. खडीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या. मधल्या खोलीचं दार लावलेलं. साहेब पडवीत बसलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दादा आत बाकावर बसला होता. एकटा, आपल्या पायानं आलेला. नंतर साहेब आत गेले, दार पुन्हा लागलं. मी मागच्या खोलीत, भिंतीला कान लावायचा मोह आवरत बसले. आवाज दादाचाच येत होता, हळू, अडखळत. शब्द एकही कळत नव्हता. दादा निघाला, तेव्हा मी दारात आले. त्यानं माझ्याकडे बघितलं, डोळे लाल. "वाळलीस गं," म्हणाला आणि गेला.

मी साहेबांच्या मागं लागले. काय म्हणाला दादा? पिशवीत काय होतं? मी हट्ट धरला, रागावले, शेवटी रडलेसुद्धा. साहेब म्हणाले, "बाई, मी मॅजिस्ट्रेट असतो, तर अर्ज केल्यावर आपल्याला नक्कल मिळाली असती. मी आता मॅजिस्ट्रेट नाही." शेजारच्या अंगणात मेरीमावशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि छातीवर क्रूस काढला.

पुढच्या वर्षी आम्ही नगरला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. साक्षीदार म्हणून साहेब होते. सह्या करायच्या आधी त्यांनी आमच्या सरांना, म्हणजे नवऱ्या मुलाला, बाहेर व्हरांड्यात जायला सांगितलं. तिथला कारकून हसायला लागला. साहेब त्याला म्हणाले, ह्यांचा ह्यात हितसंबंध आहे. मग मला विचारलं, धाक? नाही. आमिष? नाही. विचाराला वेळ मिळाला? मी म्हटलं, मिळाला, साहेब. त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगते. हो. त्यांनी माझंच वाक्य मला परत म्हणून दाखवलं, "हो. बरोबर?" आणि त्यांना चष्मा पुसायचा होता, म्हणून ते भिंतीकडे वळले. बाहेर व्हरांड्यात आमचे हे घाबरून घामाघूम झाले होते. आयुष्यभर ते मला त्यावरून बोलायचे, की बाई, माझं लग्न अपिलात गेलं होतं.

दादा लग्नाला आला नाही. पण त्यानं अडवलंही नाही, आणि आमच्या वाटेला कुणाला जाऊ दिलं नाही. गावात त्याला काय काय ऐकावं लागलं असेल, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

साहेब त्यानंतर फार वर्षं नव्हते. झोपेतच गेले. घर पुतण्यांकडे गेलं, त्यांनी ते विकलं. तो बाक मला हवा होता, पण माझ्या आधी मेरीमावशींनी मागून नेला आणि चर्चच्या व्हरांड्यात ठेवला. शनिवारी फादरकडे जाणारी माणसं आपली पाळी येईतो त्यावर बसायची. साहेबांना हे फार आवडलं असतं. मी भिंगारला गेले की त्या व्हरांड्यात मुद्दाम डोकावायची. एकदा गेले, तेव्हा बाक नव्हता. कुणाला विचारलं नाही.

आमचे हे गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी दादा माझ्याकडे आला. मधल्या काळात सणासुदीला येणं-जाणं सुरू झालं होतं, भाचरं त्याच्या अंगाखांद्यावर खेळली होती, पण त्या दुपारबद्दल आम्ही चकार शब्द काढला नव्हता. आता तो पार थकलेला. स्वयंपाकघरात पाटावर बसला. मी तव्यावर भाकरी टाकत होते, आणि पाठीमागून तो म्हणाला, "पोरी, त्या दिशी म्या पिशवीत..."

त्याचा आवाज इतका कापत होता, की माझ्या हातातली भाकरी खाली पडली. मी वळले. त्याचा चेहरा बघवेना. मला एवढंच वाटलं, की ह्या म्हाताऱ्या माणसाला आता ह्यातून सोडवावं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, सांगणं तुझ्यावर बंधनकारक नाही."

तो मग हळूच म्हणाला, "तो साहेब बी आसंच म्हनला हुता." आणि म्हणाला, बघतो, इचार करून सांगतो. पोटभर जेवला. ठेचा मागून घेतला. संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी सायकलवरून उतरवताना फिरवायचा तसा.

त्या हिवाळ्यात तो गेला.

माझी मुलगी म्हणते, आई, तू चांगलं केलंस, मामाला मोकळं केलंस. असेल. साहेब असते, तर त्यांनीही मान डोलावली असती. पण मला कधी कधी साहेबांचा फार राग येतो आणि त्यांची फार आठवणही येते, दोन्ही एकदमच. माणसाला गप्प राहू द्यायला त्यांनी मला शिकवलं. पण ज्याला ऐकायचं होतं त्यानं पुढं काय करायचं, ते सांगायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी एकटीपुरती भाकरी थापते. स्वयंपाकघरात त्याचा पाट अजून तिथंच आहे. भाकरी असतील तरी सांग आणि कोयता असेल तरी सांग, मला आता कशाचंच भय उरलेलं नाही. तू तो परत घेऊन गेलास, एवढं मला पुरे आहे. बंधनकारक नाही रे दादा. पण सांग.